अंतरपाटावरचा काळा तारा

घानाच्या झेंड्यात तीन आडवे पट्टे असतात. वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा, आणि पिवळ्याच्या मधोमध पाच टोकांचा काळा तारा. वयाची साठी उलटेपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं काही वाटतही नव्हतं. आता मात्र टोरोंटोजवळच्या मिल्टनमधल्या आमच्या गल्लीत त्या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. त्या झेंड्यापायी मला माझी स्वतःची माणसंही नीट कळली. ती कळली नसती तर मी सुखाने म्हातारी झाले असते.

मुलीने घानाच्या मुलाशी लग्न ठरवलं. घानाचा म्हणजे जन्म तिथला, वाढलेला इथेच. टोरोंटोत स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुलांची कामं करतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा बूट काढून जोडीने भिंतीला लावून ठेवले आणि यजमानांशी, म्हणजे आमच्या ह्यांच्याशी, संध्याकाळभर पुलांवर बोलत बसला. हेही इंजिनिअर, निवृत्त झालेले, ऐकणारं कोणी मिळालं की त्यांना जेवणाची आठवण राहत नाही. जाताना त्याला चिवड्याचा डबा दिला. दार लावून हे वळले आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण..."

त्या 'पण'च्या पुढे काही आलं नाही. पुढे येण्याची गरजच नव्हती. नंतरच्या काही महिन्यांत मला तो 'पण' इतक्या लोकांकडून ऐकायला मिळाला की फोन वाजला तरी तोंड कडू व्हायचं. पुण्याहून कोणी विचारायचं, "नायजेरियाचा का गं?" मी म्हणायचे, घानाचा. "तेच ते." मार्कहॅममधल्या आमच्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, "शिकलेला आहे ना, मग चालतं हल्ली." चालतं म्हणे. मुलगा आहे की कान तुटलेला कप? आणि हे सगळं बोलायचं ते मराठीत, हळू आवाजात, तोंडावर माया पसरून. इंग्रजीत हीच माणसं मल्टिकल्चरल डेला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी स्वतः सावळी आहे. नागपूरहून पुण्याच्या घरी दाखवायला नेलं तेव्हा वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने, मला मुद्दाम ट्यूबलाइटखालच्या खुर्चीत बसवलं होतं. बघून झाल्यावर म्हणाल्या, "रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." तेव्हाही 'पण'च होता, फक्त त्याच्या पुढे काहीतरी आलं, एवढंच माझं नशीब. वन्सं आता मार्कहॅमला मुलाकडे असतात. देश सोडून तपं उलटली, बेसमेंट फिनिश झालं, विंटर टायर्स न विसरता बदलतात, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

लग्नाच्या आधी मी आणि मुलगी विहीणबाईंकडे गेलो. त्या ब्रॅम्प्टनला राहतात. फार्मसिस्ट आहेत, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, रविवारचं चर्च चुकवत नाहीत. उंच बाई, आवाज खालचा. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. त्यांनी आल्याचं चांगलं झणझणीत सरबत दिलं, तळलेली पिकली केळी दिली, आणि मग सरळ विषयाला हात घातला.

"लग्न तुमच्या पद्धतीने होऊ दे," त्या म्हणाल्या. "माझ्या चर्चमधल्या मैत्रिणींना ते पटलेलं नाही. त्यांचं मी बघून घेईन. पण माझा मुलगा तुमच्या देवांसमोर उभा राहील, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे माझ्या घरचं काहीतरी असू दे. एकच गोष्ट. जास्त नको."

त्यावरची तोड मुलीच्या डोक्यात आधीच तयार होती. अंतरपाट. मंगलाष्टकं होईपर्यंत नवरानवरीच्या मध्ये जी शाल धरतात, तिला दोन बाजू असतातच. नवरीच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक राहील, नवऱ्याच्या बाजूला घानाचा झेंडा. विहीणबाईंना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी उठून कपाटातून घडी घातलेला झेंडा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तळहाताने सुरकुत्या काढत मला समजावू लागल्या.

लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी ज्यांनी रक्त सांडलं त्यांचा. पिवळा म्हणजे जमिनीतलं सोनं. इंग्रजांनी त्या देशाचं नावच गोल्ड कोस्ट ठेवलं होतं, माल पाहून नाव ठेवावं तसं. हिरवा म्हणजे तिथली जंगलं आणि शेतं. एकोणीसशे सत्तावन्न साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हा झेंडा एका बाईने काढला होता, शिक्षिका होती ती आणि चित्रकार. हे त्यांनी दोनदा सांगितलं, पहिल्यांदा मी पुरेशी चकित झाले नसेन म्हणून. हे तीन रंग आधी इथिओपियाच्या झेंड्यात होते. आफ्रिकेतला तो देश कधी कोणाचा गुलाम राहिला नाही असं तिकडे मानतात, म्हणून त्याचे रंग घेतले. पुढे जे देश सुटत गेले त्यांतल्या कित्येकांनी हेच रंग उचलले.

मी ते पट्टे पाहत होते. लाल, पिवळा, हिरवा. मी म्हटलं, "हे तर आमच्या नवरीचे रंग आहेत. कुंकू, हळद आणि हिरवा चुडा." मुलीने चुडा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. विहीणबाई मोठ्याने हसल्या आणि त्यांनी माझा हात टेबलावर दाबून धरला. मग मी ताऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "आणि हा?"

"हा आम्ही," त्या म्हणाल्या. "आफ्रिकेचं स्वातंत्र्य, असं शाळेत शिकवतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी एकदा स्वतःची जहाज कंपनी काढली होती. ज्यांच्या पूर्वजांना बांधून नेलं, त्यांना परत आणायचं स्वप्न होतं. कंपनी बुडाली, पण तिच्या नावातला तारा आमच्या झेंड्यावर आला. हा काढला तर बाकीचं नुसतं कापड राहतं."

घरी येऊन मी पाहिलं, तर खरंच. तारा काढला की उरतात ते तीन पट्टे दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचे. मला त्याची गंमत वाटली आणि मी ह्यांना ती सांगितलीही. हे म्हणाले, "अच्छा," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शाल विहीणबाईंनी स्वतः तयार केली. पांढऱ्या रेशमाची, एका बाजूला तीन पट्टे जोडलेले, मध्ये काळ्या सुती कापडाचा तारा, कडा आत दुमडून हाताने बारीक टाके घातलेले. लग्नाच्या आठवडाभर आधी वन्सं राहायला आल्या. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर ती शाल पसरलेली त्यांनी पाहिली आणि दोन बोटांच्या चिमटीत तिचं टोक उचललं.

"अगं, हे काय? अंतरपाटावर काळं?"

मी सांगितलं. झेंडा, तारा, विहीणबाईंचा शब्द, सगळं सांगितलं.

"झेंडा लावा ना, कोण नको म्हणतंय? बाहेर लावा, एंट्रन्सला. त्यांच्या टेबलांवर छोटे छोटे ठेवा, क्यूट दिसतील. पण मंगलाष्टकांना डोळ्यांसमोर काळं? शुभकार्यात आपण काळी टिकलीसुद्धा लावत नाही."

"संक्रांतीला तुम्हीच काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकू करता की."

"ते वेगळं."

"आणि गळ्यातलं मंगळसूत्र? त्यातले मणी काय पांढरे आहेत?"

"ते वेगळं गं. त्याला शास्त्र आहे."

शास्त्र. आपल्या गळ्यात असलं की शास्त्र, दुसऱ्याच्या झेंड्यावर असलं की अपशकुन. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे रंगांच्याही बाबतीत खरं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी काही बोलणार एवढ्यात त्या शाल खाली टाकून म्हणाल्या, "मी काय, बाहेरची. पण एक सांगते. लग्नातच डोळ्यांपुढे काळं धरलंत, तर उद्या मुलं कशी निघतील देव जाणे."

मुलगी जिन्यात होती. ती खाली आली नाही, तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. एरवी आमच्याशी इंग्रजीत बोलणारी मुलगी, पण आत्याला झोंबावं म्हणून तिने जमेल तेवढं मराठीतून जुळवलं.

"आई, आय ॲम सेइंग धिस ओन्ली वन्स. ज्यांना हा तारा बघवत नाही त्यांना माझी मुलं कशी बघवणार? हा तारा काढला ना, तर माझी मुलं या घरात येणार नाहीत. आय मीन इट."

हे सोफ्यावरून उठून जिन्यात तिच्यापाशी गेले. "अगं, कोणी काही काढत नाहीये. झालं, विषय संपला." त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, बहिणीला डोळ्यांनी गप्प केलं, आणि मला वाटलं, चला, ह्या बाबतीत तरी माझा नवरा ताठ उभा राहिला.

लग्न मिसिसागाच्या एका बँक्वेट हॉलमध्ये होतं. गुरुजी आठवडाभर एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवारी लग्नं लावतात. शाल घडी करून, झेंड्याची बाजू आत ठेवून, त्यांच्या सामानात दिलेली होती. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईने समोर उभं राहायचं नसतं, तुळशीला पाणी घालायचं असतं. त्या हॉलमध्ये तुळस कुठून असणार? वन्संनी कुंडीतली प्लास्टिकची तुळस आणून मला कोपऱ्यात तिच्याजवळ बसवलं होतं. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी ऐकलं, कारण आमचे लोक आणि झगझगीत विणलेली वस्त्रं ल्यालेले घानाचे पाहुणे, सगळे हातात अक्षता घेऊन एकत्र उभे होते, आणि मला कशालाच गालबोट लावायचं नव्हतं.

अंतरपाट उघडला. दोघांनी दोन टोकं धरून तो वर उचलला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि अर्ध्यावर अडखळलं, कारण विहीणबाई आपल्या जागेवरून निघून सरळ पडद्यापाशी आल्या होत्या.

मी धावत गेले. लाल पट्टा होता, पिवळा होता, हिरवा होता. मध्ये, ताऱ्याच्या जागी, सोनेरी जरीचा एक गोल तुकडा शिवलेला होता, आणि त्यावर गणपती. चांगला सोंडेबिंडेचा, मोदक हातात घेतलेला. जावयाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मान खाली घातली. त्याला असल्या गोष्टींची सवय आहे हे त्याच्या मान घालण्यावरूनच दिसलं, आणि मला माझ्या सगळ्या गोतावळ्याची शिसारी आली.

विहीणबाईंनी त्या तुकड्यावरून बोटं फिरवली, दाबून पाहिलं. "खाली आहे," त्या मला म्हणाल्या. "कापलेला नाही. कात्री मिळेल?"

तोवर वन्सं पोचल्या होत्या. "अगं, काय करताय? मुहूर्त जाईल. आणि गणपती उसवणार? मंगलकार्यात?"

केवढी हुशारी होती त्यात. तारा झाकायचा, पण झाकायला देवच घ्यायचा, म्हणजे हात लावणारा पापी ठरेल. मी वन्संना आयुष्यभर अहोजाहो केलं आहे, तेव्हाही अहोजाहोच केलं.

"गणपतीचं ठिगळ केलंत वन्सं, तेव्हा काही वाटलं नाही का?"

मेकअप करणाऱ्या मुलीच्या पेटीतून एक छोटी कात्री मिळाली. गुरुजींनी फोनमध्ये पंचांग पाहिलं. "मागाहून अजून एक बरा मुहूर्त आहे," ते म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, "चूक दिसल्यावर पुढे नाही ना जाता येत. आधी दुरुस्त करू." त्या हॉलमध्ये आमच्या बाजूने त्या वेळी शहाण्यासारखं बोललेला तो एकच माणूस.

मुलगी पडद्याच्या पलीकडून वळून आली आणि तिने पाहिलं. आत्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "डिड यू नो?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग मुंडावळ्या मागे टाकून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अजून लग्न लागलेलं नव्हतं, पण ती तिथेच उभी राहिली.

आम्ही दोघी विहिणी दोन खुर्च्यांवर बसलो, शाल दोघींच्या मांडीवर. त्या एका बाजूने उसवत होत्या, मी दुसरीकडून केसांच्या पिनेने टाके उचलत होते. टाके मशीनचे होते, दाट, दोनदा फिरवलेले. वन्संना सुईत दोरा ओवता येत नाही. मी मान वर न करता विचारलं, "हे कोणी करून आणलं?" मग वर पाहिलं, तर वन्सं आपल्या भावाकडे बघत होत्या.

"मीच टेलरकडे टाकली होती," हे म्हणाले. "म्हटलं, उगाच वाद नको." मग विहीणबाईंकडे वळून, इंग्रजीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तशा सुरात म्हणाले, की कोणाचा अनादर करण्याचा उद्देश नव्हता, गणपती हे आमचं सर्वांत मंगल दैवत आहे, आणि झेंड्याचे बाकी सगळे रंग जसेच्या तसे ठेवले आहेत.

विहीणबाईंनी मान हलवली आणि उसवणं चालू ठेवलं. वन्संचं मी समजू शकत होते. त्या जे वाटतं ते तोंडावर बोलतात. ह्या माणसाने मुलीच्या पाठीवर थोपटून विषय संपला म्हणून सांगितलं होतं, आणि मग गुपचूप गाडी काढून शाल टेलरकडे नेली होती. टेलरला काय सांगितलं असेल? हे काळं जरा झाकून द्या?

उसवता उसवता विहीणबाई मला एक गोष्ट सांगू लागल्या. बहुधा माझी पिन सारखी टाक्यांतून निसटत होती म्हणून. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, त्या अगदी लहान असताना, तिथल्या राज्यकर्त्या पक्षाच्या डोक्यात आलं की देशाचा झेंडा पक्षाच्या झेंड्यासारखा दिसावा. मधला पिवळा गेला आणि तिथे पांढरा आला. त्यांची आई शिवणकाम करायची. गावातल्या शाळेचा झेंडा बदलायचं काम तिच्याकडे आलं. तिने पिवळा कापला नाही, वरून पांढरा शिवला. म्हणाली, सरकारं येतात आणि जातात, चांगलं पिवळं कापड रोज मिळत नाही. दोनेक वर्षांत ते सरकार उलथलं. आईने पांढरं उसवलं, तर खालचा पिवळा बाकीच्या दोन रंगांपेक्षा ताजा निघाला, कारण तो मधली वर्षं उन्हात नव्हता.

"मी तेव्हा तिच्या बाजूला बसून दोरे वेचत होते," त्या म्हणाल्या. "त्यामुळे हे काम मला येतं."

गणपती सुटा झाला. तो मी नीट उचलून पाटावरच्या तांदळात ठेवला, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. खालचा तारा जसाच्या तसा होता, फक्त त्याच्याभोवती सुईच्या भोकांचं एक गोल कडं पडलं होतं. ते धुऊन, इस्त्री करून आजही गेलेलं नाही. गुरुजींनी सांगितलेल्या मागाहूनच्या मुहूर्तावर लग्न लागलं. मी प्लास्टिकच्या तुळशीकडे परत गेले नाही, विहीणबाईंच्या शेजारी उभी राहिले. वन्संनी अक्षता मुठीतच ठेवल्या. ह्यांनी मात्र सगळ्यांकडे बघून हसत हसत टाकल्या, आणि परतताना गाडीत म्हणाले, "बघ, झालं ना शेवटी सगळं नीट?" मी त्या दिवसापासून मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपते.

मुलगी तिचा शब्द लगेच खरा करील असं मला वाटलं होतं. तिने नाही केला. ती म्हणाली, तारा झाकला होता, पण परत दिसला ना, मग बघू या. तिने बापाला आणखी एक संधी दिली. तिच्या जागी मी असते तर दिली नसती. ती दोघं दिवाळीला आली, सासूला घेऊन आली. हे विहीणबाईंशी घानाच्या सोन्याच्या खाणींवर बोलले, कुठून तरी वाचून काढलं होतं. मला वाटू लागलं होतं की माणूस सुधारतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीला मुलगी झाली. दुपारी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो, बाहेर बर्फ साचलेलं, पार्किंगपासून चालताना ह्यांनी माझा हात धरला होता. जावई बाळाला घेऊन खिडकीशी उभा होता. त्याने बाळ माझ्या हातात दिलं. मी अजून तिचं तोंडही धड पाहिलं नव्हतं, तेवढ्यात ह्यांनी वाकून बाळाची टोपी बोटाने मागे सारली आणि तिचा कान पाहिला.

ज्यांच्या घरात हे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जन्मलेलं मूल सुरुवातीला गोरटं दिसतं. पुढे त्याचा खरा रंग कोणता निघणार ते कानाच्या कडेवरून कळतं, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या मुलीचा कान वन्संनी असाच पाहिला होता. आमच्या घराण्यातली ही एक विद्या आहे आणि ती कोणाला शिकवावी लागत नाही.

"कानसुद्धा उजळ आहेत," हे मुलीला म्हणाले. मराठीत. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "चला, तुझ्यावर गेली. सुटलो."

जावई हसत होता. आजोबा काहीतरी चांगलंच बोलले असणार, असं त्याला वाटलं. त्याने बायकोला विचारलं, काय म्हणाले? मुलीने माझ्या हातातून बाळ घेतलं, टोपी नीट केली, आणि म्हणाली, "ही सेज ही इज रिलीव्ह्ड." मग बापाकडे न बघता, "बाबा, तुम्ही आता घरी जा."

बाळाला रांगता यायला लागलंय. ते आमच्या घरात एकदाही रांगलेलं नाही. दर रविवारी मी त्यांच्या काँडोत जाते, दिवसभर राहते, संध्याकाळी परत येते. तिथे विहीणबाई चर्चमधून येतात, आम्ही दोघी मिळून नातीला न्हाऊ घालतो, त्या तिला त्यांच्या भाषेत झोपवतात आणि मी माझ्या. मी घरी परतले की हे जिन्यात उभे राहून विचारतात, बसायला लागली का, दात आले का, मला ओळखेल का. मला त्यांची दया येत नाही. यायला हवी असं काही जण सांगतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी बाळाचा फोटो मागवताना रंगाचीही चौकशी केली होती.

मुलीने अट घातली आहे, आणि ती अट मला इतकी साधी वाटते की पूर्ण करायला एक मिनिट पुरेल. ती म्हणते, बाबांनी इथे यावं. त्या दिवशी कान पाहून ते जे बोलले, तेच माझ्या नवऱ्यासमोर एकदा इंग्रजीत बोलून दाखवावं. माफी नको, स्पष्टीकरण नको. फक्त तेवढंच भाषांतर करावं. मग हवं तेव्हा नातीला न्यावं.

मागच्या रविवारी मी निघत होते. ह्यांनी कोट घातलेला होता. मफलर गुंडाळलेला होता, नातीसाठी आणलेली लाकडी झुकझुक गाडी कागदात बांधून हातात होती. मी थांबले. मला वाटलं, आज येतायत. दारापर्यंत आले, बूट शोधले, मग तिथल्या बाकावर बसून राहिले.

"मला जमणार नाही गं," ते म्हणाले. "मी प्रयत्न केला. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. इंग्रजीत ते फार वाईट ऐकू येतं."

"अहो, मराठीतही ते तसंच ऐकू आलं होतं," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.